चौथ्या जागेतला आकडा

दादाला बोलतं करायचं असेल तर त्याला कर्नलबद्दल काहीतरी विचारायचं, ही युक्ती आमच्या घरात फक्त मला माहीत होती. एरवी तो अबोल. ताटाकडे बघत जेवायचा, पाहुणे आले की गच्चीवर निघून जायचा, आणि आईने काही विचारलं तर मान हलवून उत्तर द्यायचा. पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. उजाडायच्या आधीपासून खाली टेम्पो लागायचे, कॅरेट आपटल्याचे आवाज यायचे, मेथीच्या जुड्या मोजणाऱ्या बायकांची एका सुरातली मोजणी ऐकू यायची, आणि त्यातच नदीकडच्या देवळांतल्या घंटा. नाना पहिल्या पाळीला असले की त्यांचा डबा भरून आई स्टोव्हवर दुसरा चहा ठेवायची. नाना, म्हणजे आमचे वडील, अंबडला एका कारखान्यात मशीनवर होते. कंपनीची बस कोपऱ्यावर यायची आणि ड्रायव्हर हॉर्न न वाजवता नुसता इंजिन फुरफुरवायचा, ते आम्हाला घरात ओळखू यायचं. ह्या सगळ्या आवाजांत आणखी एक आवाज होता, दादाच्या कॉम्प्युटरच्या पंख्याचा. बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतून त्याने तो आणला होता आणि बाहेरच्या खोलीत, देवघराच्या शेजारी, दुसरीकडे जागाच नसल्यामुळे ठेवला होता. आई उदबत्ती लावताना देवांबरोबर त्यालाही ओवाळायची. दादा फक्त पडद्यावर राख पडू नये म्हणून टॉवेल टाकायचा.

कर्नल म्हणजे काय, हे मी अकरावीत असताना त्याने मला आईच्या मिसळणाच्या डब्यावर शिकवलं. रविवार होता, आई मिसळीचा कट उकळत होती आणि डबा तिला हवा होता. दादाने तो माझ्यासमोर उघडून ठेवला. तो म्हणाला, आपण लिहितो तो प्रोग्राम दुबळा असतो. त्याला स्वतःहून डिस्कला हात लावता येत नाही, पडद्यावर एक ठिपका उमटवता येत नाही. ते सगळं कर्नल करतो. प्रोग्रामने फक्त मागायचं. मागायचं कसं, तर प्रोसेसरच्या पोटात ह्या वाट्यांसारख्या थोड्या जागा असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. कोणतं काम हवंय त्याचा क्रमांक एका ठरलेल्या जागेत टाकायचा. मग कामाला लागणाऱ्या गोष्टी, ज्यांना अर्ग्युमेंट म्हणतात, त्या ओळीने बाकीच्या जागांत ठेवायच्या. पहिल्यात कोणती फाइल. दुसऱ्यात मजकूर मेमरीत कुठे ठेवलाय तो पत्ता. तिसऱ्यात किती अक्षरं. चौथ्यात, फाइलमध्ये नेमक्या कितव्या ठिकाणी लिहायचं. मग एक हाक मारायची. प्रोग्राम तिथेच थांबतो, कर्नल जागा होतो, वाट्यांत काय आहे ते उचलतो आणि कामाला लागतो.

“आणि चुकून हळदीच्या वाटीत तिखट टाकलं तर?” मी विचारलं.

“तर तो ते हळद म्हणून वापरेल,” दादा म्हणाला. “त्याला नाव दिसत नाही, मनी. त्याला जागा दिसते. तुला काय म्हणायचं होतं ते तो कधीच विचारत नाही.”

“तुमचं झालं असेल तर द्या तो डबा,” आई म्हणाली. “माझा कट आटला.”

त्या दिवशी दादा अर्धा तास सलग बोलला होता. नाना दारात बनियनवर उभे राहून ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी नंतर फार थोड्या वेळा पाहिलं. त्यांना एक शब्द कळला नसणार. पण मुलगा बोलतोय आणि त्याला काहीतरी मोठं येतंय, एवढं त्यांना पुरेसं होतं.

इंजिनिअरिंग झाल्यावर दादाच्या बरोबरची बहुतेक मुलं पुण्याला गेली. दादा मुलाखतीत बोलायचाच नाही, त्यामुळे त्याचं कुठे जमलं नाही. शेवटी अंबडलाच एका पत्र्याच्या शेडमधल्या लहानशा कंपनीत तो लागला. तिथे कोल्ड स्टोरेजसाठी नियंत्रणाच्या पेट्या बनवायचे. प्रत्येक खोलीत किती थंडावा हवा तो आकडा पेटीवर टाकायचा. मग खोलीत तो राखायचं, कुठे फरक पडला तर भोंगा वाजवायचा, हे सगळं पेटीतला लहानसा कॉम्प्युटर बघायचा. त्या कॉम्प्युटरवरचा सगळा प्रोग्राम दादाने एकट्याने लिहिला. कंपनीचे मालक, ज्यांना सगळे शेठ म्हणायचे, त्यांना तो काय करतो हे कळत नव्हतं. पण पेट्या चालत होत्या, म्हणून ते खूश होते. दादा तर असा खूश होता की त्याचं वजन वाढलं. आई त्याच्या डब्यात शेवभाजी वेगळ्या डबीत द्यायची, भाकरी मऊ पडू नये म्हणून.

त्या प्रोग्राममधली एक गोष्ट मला सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. सगळ्या खोल्यांचे आकडे एकाच फाइलमध्ये होते. पहिल्या खोलीचा आकडा पहिल्या जागी, दुसरीचा त्याच्या पुढे, असे ओळीने. आकडा लिहायचा तर आधी फाइलमध्ये त्या ठिकाणी जायचं आणि मग लिहायचं, असं दोन टप्प्यांत करता येतं. पण ह्या दोन टप्प्यांच्या मध्ये दुसऱ्याच एखाद्या कामाने फाइलमधली जागा हलवली तर आकडा भलतीकडे जाईल, म्हणून दादाला ते एका दमात हवं होतं. कर्नलमध्ये तशी सोय होती. लहान कॉम्प्युटरवर मात्र तिच्यासाठीचं तयार फंक्शन नव्हतं, जागा वाचवायला ते काढून टाकलेलं होतं. मग दादाने सरळ कर्नललाच हाक मारली. कामाचा क्रमांक आणि सगळी अर्ग्युमेंट स्वतःच्या हाताने एकेका जागेत मांडली. मला त्याने ते कौतुकाने दाखवलं होतं. “मध्ये कुणी नाही,” तो म्हणाला. “मी आणि कर्नल.” आज मी पोटापाण्यासाठी हेच काम करते, आणि आजही मला वाटतं, त्याने केलं ते योग्य होतं. काळजीपोटी केलेलं होतं.

मामा पिंपळगाव बसवंतच्या पलीकडे राहायचा. आईचा एकुलता धाकटा भाऊ. त्याची द्राक्षाची बाग होती आणि दर वर्षी तोडणीच्या दिवसांत तो कॅरेट भरून द्राक्षं आमच्याकडे पाठवायचा; घडांच्या आकारात न बसणारी, सुटे मणी, पण गोड इतकी की बोटं चिकट व्हायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, तो स्वतः मुराळी होऊन आईला न्यायला यायचा. आई आदल्या दिवसापासून पिशवी भरून बसायची आणि वर म्हणायची, “माझं काय, नाय गेले तरी चालतं.” त्या वर्षी पिंपळगावला नवीन कोल्ड स्टोरेज झालं आणि तिथल्या पेट्या शेठच्या कंपनीच्या आहेत असं कळल्यावर मामाने बाकी काही बघितलं नाही. परदेशी जाणारा सगळा माल त्याने तिथे ठेवायचं ठरवलं. आमच्याकडे चहा पिता पिता तो म्हणाला, “आपल्या योगेशनं बनवलंय ना? मंग झालं.” गावातल्या आणखी दोघातिघांना तो तेच सांगून आला होता. दादा लाजून गच्चीवर गेला.

तोवर एक गोष्ट झाली होती आणि तिचं कुणालाच काही वाटलं नव्हतं. पेटीतला जुना कॉम्प्युटर महाग पडायला लागला म्हणून शेठने दुसऱ्या बनावटीचा, वेगळ्या चिपचा, स्वस्त कॉम्प्युटर आणला. दादाने तोच प्रोग्राम नव्या चिपसाठी पुन्हा तयार केला. अंबडच्या टेबलावर एक पेटी आणि एक सेन्सर लावून सगळं तपासलं. आकडा टाकला, आकडा बसला. पिंपळगावला पेटी बसवायला तो स्वतः गेला आणि चारही खोल्यांना द्राक्षाचा एकच आकडा टाकून आला. कित्येक दिवस सगळं छान चाललं.

मग एका सकाळी आई भाकऱ्या थापत होती तेव्हा फोन आला. मी उचलला. मामा होता. तो नेहमी आधी माझी चेष्टा करायचा, त्या दिवशी फक्त म्हणाला, “योगेशला दे.” दादाने ऐकलं आणि दोन वेळा “हो” म्हणाला. मग फोन ठेवून तसाच उभा राहिला. आईने तव्यावरून मान न वळवता विचारलं, “काय रे?”  मग ती उठून आली, त्याचा चेहरा बघितला आणि मला म्हणाली, “मने, त्याच्याबरोबर जा.” कॉलेज आहे, असं म्हणायचंही मला सुचलं नाही. नाना पहिल्या पाळीला बसने गेले होते, त्यांची स्कूटर घरी होती. हायवेवर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि दादा त्यांच्यामधून गाडी काढत होता, पण फार सावकाश, जणू पोचायचंच नव्हतं. ओझर मागे पडलं. मग मान किंचित वळवून म्हणाला, “भोंगा का वाजला नाही?” मला वाटलं मला विचारतोय. तो मला विचारत नव्हता.

कोल्ड स्टोरेजच्या अंगणात सिमेंटवर कॅरेट मांडून ठेवले होते. ऊन चढत होतं. आदल्या संध्याकाळी चौथ्या खोलीत कुणाचा तरी मटार आला होता आणि तिथल्या ऑपरेटरने, जसं सांगितलं होतं अगदी तसंच, चौथ्या खोलीला मटाराचा आकडा टाकला होता, शून्याच्या खूप खाली. सकाळी द्राक्षाच्या खोल्या उघडल्या तर घड गोठलेले. रखवालदाराने थंडावा दाखवणाऱ्या पाटीवरचे आकडे खाली जाताना बघितले होते. पण थंडाव्याच्या गोदामात थंडी वाढली तर त्यात काळजीचं काय, असं त्याला वाटलं, आणि तसं वाटण्यात त्याचीही काही चूक नव्हती. मामाने एक घड उचलून माझ्या हातात दिला. मणी काचेच्या गोट्यांसारखे होते, एकमेकांवर आपटून वाजत होते. इतके सुंदर दिसत होते की क्षणभर मला काही बिघडलंय असं वाटलंच नाही. मग उन्हात ते सुटायला लागले. साल तपकिरी पडली, रस पाझरायला लागला आणि सगळ्या अंगणभर कुठूनशा गांधीलमाश्या आल्या. माणसं उभी होती. कुणी आरडाओरडा करत नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ पुन्हा पुन्हा एकाच कॅरेटमधले घड उलटे करून बघत होते, खालचा एखादा तरी बरा असेल म्हणून.

दादा लॅपटॉप जोडून पेटीसमोर जमिनीवर बसला. थोड्या वेळाने त्याने मला खूण केली. फाइल उघडली होती. पहिल्या जागी मटाराचा आकडा होता. पुढच्या सगळ्या जागा कोऱ्या.

“कधीच काही लिहिलं गेलं नाही तिथे,” तो हळू आवाजात म्हणाला. “सगळं पहिल्या जागी जातंय. वाचतानाही पहिलाच आकडा वाचतोय. म्हणून भोंगा वाजला नाही. पेटीच्या दृष्टीने सगळं नीट चाललंय.”

“मग तुझ्या प्रोग्राममध्ये...”

“माझा प्रोग्राम बरोबर ठिकाण सांगतोय. हे बघ ना. चौथी खोली, चौथं ठिकाण. मी बरोबर देतोय, मनी.” त्याने ती ओळ मला बोटाने दाखवली. ओळ बरोबर होती. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, मलाही वाचता येत होतं. तिच्यात काहीही चूक नव्हती.

तेवढ्यात शेठची गाडी आली. शेठ वाईट माणूस नव्हते, घाबरलेले होते. त्यांनी अंगण बघितलं, माणसं बघितली आणि थेट दादापाशी येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “ह्यानेच लिहिलंय सगळं. ह्याला विचारा.”

“शेठ, मला थोडे दिवस द्या,” दादा उठून उभा राहिला. “पेटीतला पेटीतला हा बोर्ड माझ्याकडे राहू द्या. मी पाठवतोय ते आणि कर्नलला मिळतंय ते, ह्यात कुठेतरी...”

“कर्नल? कोण कर्नल?”

“म्हणजे... आतला...”

“कुणाचं नाव घेतोयस तू? प्रोग्राम तुझाच आहे ना?”

“हो.”

“झालं तर मग.”

दादाने एकदा मामाकडे बघितलं. मामाने मान खाली घातली. मला वाटतं त्या क्षणी मामाने नुसतं “थांबा, त्याला बोलू द्या” म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण त्याच्या शब्दावर ज्यांनी माल ठेवला होता ते त्याच्या शेजारीच उभे होते. आणि दादाकडे सांगायला तरी काय होतं? शेठने पेटी स्क्रू काढून गाडीत ठेवली. त्यानंतर तो बोर्ड दादाला पुन्हा बघायला मिळाला नाही, आणि शेडमध्येही त्याला आत घेतलं नाही. भरपाईची बोलणी पुढे बरीच चालली, ती मी इथे लिहीत नाही. मामाच्या हाती त्यातून काही लागलं नाही.

त्यानंतरचे महिने मला एका सलग दुपारसारखे आठवतात. भारनियमनाने पंखा बंद, खाली बाजार सुस्त, आणि दादा दाराशी उजेडात बसून त्याच्या प्रोग्रामचे छापलेले कागद वाचतोय. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, आणि पुन्हा पहिल्यापासून. जुनी चिप घरच्या कॉम्प्युटरच्याच जातीची होती, त्यामुळे घरी तो प्रोग्राम चालवला की बिनचूक चालायचा. चारही आकडे चारही जागी. ते बघणं सगळ्यांत वाईट होतं. चुकला असता तर तो त्या चुकीला धरून पुढे गेला असता. आई त्याच्यासमोर ताट ठेवायची, थोड्या वेळाने भाकरी झाकायची, आणि संध्याकाळी तीच भाकरी स्वतः खायची. नानांनी एकदा त्याला विचारलं, “दुसरीकडं कुठं अर्ज करायचा का?” दादा म्हणाला, “काय सांगू त्यांना?”  काही दिवसांनी नानांनी सुपरवायझरला सांगून त्याला आपल्याच कारखान्याच्या स्टोअरमध्ये लावून घेतलं. सकाळी दोघं बापलेक एकाच बसला जायचे. मी मशीनवर उभा राहिलो ते पोराला बसायचं काम मिळावं म्हणून, असं नाना पूर्वी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. ते सांगणं थांबलं. कॉम्प्युटरवरचा टॉवेल निघेनासा झाला.

आखाजी आली. आईने सवयीने पिशवी काढली, झटकली आणि खुंटीला लावली. दिवसभर जिन्यावर पाऊल वाजलं की ती ओट्याकडे तोंड करून उभी राहायची, आपण वाट बघत नाही हे दिसावं म्हणून. कुणी आलं नाही. भांडण झालेलं नव्हतं, अपशब्द गेलेला नव्हता. त्यामुळे कुणी जाऊन मिटवावं असंही काही नव्हतं.

मी शेवटच्या वर्षाला गेले तेव्हा आमच्या लॅबमध्ये शेठच्या त्या नव्या चिपच्याच जातीचा एक बोर्ड आला. मी तो प्रकल्पासाठी मागून घेतला. दादाची चूक शोधायची असं काही मी मनाशी ठरवलं नव्हतं, निदान तसं कबूल केलं नव्हतं. पण पहिल्याच आठवड्यात मी एक लहानसा प्रोग्राम लिहिला, फाइलमध्ये ठरावीक ठिकाणी एक आकडा लिहिणारा. मी साधी मुलगी, मी कर्नलला थेट हाक मारायला गेले नाही. इथे तयार फंक्शन होतं, ते वापरलं. आकडा बरोबर जागी बसला. मग ते फंक्शन आतून अर्ग्युमेंट कशी मांडतं ते उघडून बघितलं. पहिल्या जागेत फाइल. दुसऱ्यात पत्ता. तिसऱ्यात किती अक्षरं. चौथी जागा रिकामी. ठिकाणाचा आकडा पाचव्या आणि सहाव्या जागेत. मी कितीतरी वेळ त्या चौथ्या जागेकडे बघत बसले. लॅबच्या मॅडम मागून आल्या तेव्हा मी विचारलं, “ही जागा का सोडली?”

“ठिकाणाचा आकडा मोठा असतो ना, एका जागेत मावत नाही,” त्या म्हणाल्या. “दोन जागा लागतात. आणि ह्या चिपवर अशी जोडी पहिल्या, तिसऱ्या नाहीतर पाचव्या जागेपासूनच सुरू करायची असा नियम आहे. चौथीपासून नाही चालत. म्हणून चौथी सोडून देतात. आपल्या नेहमीच्या कॉम्प्युटरवर असं काही नाही, तिथे चौथी-पाचवीच. का गं?”

मी “काही नाही” म्हणाले आणि बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं. लिहिताना आणि वाचतानाही दादाने ठिकाणाचा आकडा चौथ्या आणि पाचव्या जागेत ठेवला होता, जसा जुन्या चिपवर ठेवायचा तसा. नव्या चिपवरच्या कर्नलने चौथी जागा बघितलीच नाही. खरा आकडा तिथेच पडून राहिला. पाचवीत मोठ्या आकड्याचा वरचा अर्धा भाग होता, तो नेहमी शून्य. सहावीत दादाने काहीच ठेवलं नव्हतं, तिथे आधीचं काहीबाही पडलेलं असणार. तेही शून्य निघालं असेल, तर ठिकाण शून्य. म्हणजे फाइलची सुरुवात. म्हणजे पहिली खोली. आणि अंबडच्या टेबलावर एकच खोली होती.

त्या संध्याकाळी दादा पाळी संपवून आला, चहा प्यायला, आणि मी त्याला गच्चीवर नेऊन कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर सहा चौकोन काढून दाखवले. मी अर्धं बोलले असेन, त्याने पेन्सिल माझ्या हातातून घेतली. चौथ्या चौकोनावर काट मारली.

“सहावीत कचरा असला असता तर कर्नलने चूक म्हणून परत पाठवलं असतं,” तो म्हणाला. “पहिल्याच दिवशी कळलं असतं मला.”

“हो.”

“तिथे शून्य होतं.”

“हो, दादा.”

तो पेन्सिल हातात धरून बाजाराकडे बघत उभा राहिला. मला वाटलं होतं तो रडेल किंवा हसेल. तो म्हणाला, “मामाला सांगायला पाहिजे.”

रविवारी आम्ही एसटीने पिंपळगावला गेलो आणि तिथून चालत मळ्यात. मामाने निम्मी बाग काढून तिथे टोमॅटो लावला होता. आम्हाला बघून तो बांधावरून आला, “या” म्हणाला, मामीला चहा ठेवायला सांगितलं, खाटेवर गोधडी टाकली. दादा बोलणार होता, पण खाटेवर बसल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं. मग मीच सांगितलं. जागा, जोडी, जुनी चिप, नवी चिप. जमेल तितकं सोपं करून. मामा लक्षपूर्वक ऐकत होता, मधे एकदाही त्याने तोडलं नाही.

“म्हंजे योगेशनं लिव्हलं ते चुकीचं नव्हतं,” तो म्हणाला.

“नाही, मामा. जुन्यासाठी अगदी बरोबर होतं.”

“आन् नवा आनला त्या शेठला हे ठाव होतं?”

“नाही. त्यांना कसं असणार?”

“बरं. मंग त्यो आतला, तुमचा कर्नल, त्याचं चुकलं?”

“नाही. त्याने त्याच्या नियमाने केलं.”

मामाने चहाची कपबशी खाली ठेवली. “म्हंजे कुनाचंच चुकलं नाय.”

दादा गोधडीच्या टाक्यावरून बोट फिरवत राहिला.

“पोरी, तवा माझ्या शेजारी तुकाराम उभा व्हता, त्याचा भाऊ उभा व्हता. ते आजबी माझ्या बांधावरनं जात नायत, वळसा घालून जात्यात. त्यांना मी जाऊन काय सांगू? कुनाचंच चुकलं नाय, असं सांगू?” त्याच्या आवाजात राग नव्हता. तो खरंच विचारत होता. माझ्याकडे बघून, मग दादाकडे बघून.   मामी आतून बिस्किटं घेऊन आली आणि विषय टोमॅटोवर पडलेल्या करपा रोगावर गेला. निघताना मामाने फाट्यापर्यंत सोडलं. दादा त्याच्या पाया पडला तेव्हा मामाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि जरा जास्त वेळ ठेवला. 

परतीच्या एसटीत दादा खिडकीशी बसला होता. ओझर गेल्यावर म्हणाला, “इतके दिवस मला वाटायचं, माझी चूक असेल. सापडेल कधीतरी. चूक असती तर बरं झालं असतं, मनी.”

मी त्याला खूप काही म्हणू शकले असते. आता पुन्हा अर्ज कर, आता मुलाखतीत हेच सांग, हे समजणारी माणसं पुण्यात आहेत. पुढे मी हे सगळं म्हटलंही, एकदा नाही, अनेकदा. तो ऐकून घ्यायचा. तो अजून त्याच कारखान्यात आहे, स्टोअरचा मुख्य आहे, त्याचं काम चोख असतं. माझी मुलगी दहावीला आहे. तिने मध्यंतरी त्याला कॉम्प्युटरमधलं काहीतरी विचारलं तर तो म्हणाला, “आईला विचार, तिला येतं.”

त्या दिवशी आम्ही घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आईने वांग्याचं भरीत केलं होतं, मामाकडून आलोय म्हणून उगाचच साखरभातही टाकला होता. आम्ही चपला काढेपर्यंत तिला धीर निघाला नाही.

“सांगितलं का सगळं?”

“सांगितलं,” मी म्हणाले.

“कळलं त्याला?”

“कळलं.”

ती पदराला हात पुसत उभी राहिली. तिने फक्त दादाकडे बघितलं. “माझं काही विचारलं का रे त्यानं?”

मी पटकन हो म्हणणार होते. पण प्रश्न दादाला होता, आणि दादाला खोटं बोलता येत नसे.

“नाही,” तो म्हणाला.

“बरं,” आई म्हणाली, आणि ताटं घ्यायला वळली.